सोलमध्ये कोरियन बार्बेक्यू खायचंय; १६ हजार वॉनचं हॉटेल निवडू की १८ हजारांचं?

तुम्ही दोघं चार दिवसांसाठी जाताय आणि पाट्यांवर समग्योप्सालचे (म्हणजे डुकराच्या पोटाकडच्या चरबीदार मांसाचे) वेगवेगळे भाव बघून गोंधळलाय. मला विचाराल तर महाग बहुधा १६ हजारांचंच निघेल.

मी तीन वर्षं सोलजवळच्या सुवॉन शहरात होतो. पहिल्याच महिन्यात पर्यटकांच्या एका गल्लीत स्वस्त पाटी बघून शिरलो आणि अर्धपोटी बाहेर पडलो. नंतर ऑफिसातल्या कोरियन मित्राने अक्कल शिकवली. तो भाव एका 'इनबुन'चा, म्हणजे एका माणसाच्या वाट्याचा असतो आणि वाटा केवढा हे ज्याचं त्याचं हॉटेल ठरवतं. कुठे १२० ग्रॅम, कुठे १८०, कुठे २००. आता हिशेब करा: १२० ग्रॅमला १६ हजार म्हणजे १०० ग्रॅमला १३ हजारांच्या वर, १८० ग्रॅमला १८ हजार म्हणजे बरोबर १० हजार. २०१३ पासून तिथे १०० ग्रॅमचा भाव लिहिणं बंधनकारक आहे, तेव्हा मेनूवरची बारीक अक्षरं बघाच. मसाला लावलेली गाल्बी (म्हणजे बरगड्यांचं मांस) मागवलीत तर वजनात बरेचदा हाडही धरलेलं असतं.

मांस कुठल्या देशातलं हेही मेनूवर लिहावं लागतं. 'गुक्नेसान' म्हणजे तिथलंच. 'नेंगदोंग' म्हणजे गोठवलेलं, ते स्वस्तच असायला हवं; गोठवलेल्याला ताज्याचा भाव लावला असेल तर सरळ उठा.

बाकी पैसे कुठे वसूल होतात? गॅसऐवजी लाकडी कोळशाचे निखारे असतील तर दोन हजार जास्त द्यायला माझी ना नाही. जाळी काळी पडली की न सांगता बदलणारी मावशी भेटली तर नशीबच. किमची, लेट्यूसची पानं, लसूण, सामजांग (सोयाबीन-मिरचीची घट्ट चटणी) या गोष्टी आपल्या थाळीसारख्या परत परत वाढून मिळतात, बहुतेक ठिकाणी फुकट. टिप द्यायची नाही. पण एका इनबुनची ऑर्डर सहसा घेत नाहीत, दोन तरी मागवावे लागतात. तुम्ही दोघं आहात म्हणून प्रश्न नाही.

गोमांस चालत नसेल तर शेवटी येणाऱ्या दोएनजांग जिगेबद्दल (आंबवलेल्या सोयाबीनच्या रश्श्याबद्दल) आधी विचारा. डुकराच्या हॉटेलातही त्यात कधीकधी गोमांसाचे तुकडे असतात. मला हे चौथ्या खेपेला कळलं, असो.

आणि जॅकेट खुर्चीला लटकवू नका, आठवडाभर धुराचा वास जात नाही. खूपशा ठिकाणी स्टुलाचं झाकण उघडतं, आत टाका.