वाचकांचे प्रश्न : दोन वर्षांचा पाऊस एका ग्राफवर आणायचाय

प्रश्न : तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. बागेत हवामान स्टेशन बसवून दोन वर्षं झाली, घरात रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर वीवेक्स हे हवामान नोंदीचं सॉफ्टवेअर चालू असतं. मला यंदाचा आणि गेल्या वर्षीचा पाऊस एकाच ग्राफवर पाहिजे, तसा ग्राफ त्यात सापडत नाही. दुसरं म्हणजे पेपरात आमच्याकडचा 13 जूनचा पाऊस 42 मिमी आला होता आणि माझ्या पानावर 13 ला फक्त 25. पाऊस मोजायचं भांडं बिघडलंय का?

उत्तर : दादा, भांड्याला लगेच हात लावू नका, आधी 12 तारखेचा आकडा बघा. तिथं 17 च्या आसपास दिसला तर भांडं ठणठणीत आहे, गोंधळ घड्याळाचा आहे. हवामान खातं सकाळी 8:30 ला मोजतं आणि मागच्या 24 तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लावतं. वीवेक्सचा दिवस रात्री 12 ला बदलतो. आपल्याकडं वळीव काय किंवा मान्सूनची पहिली सर काय, बऱ्याचदा संध्याकाळी नायतर रात्री येते, मग रात्री 10 ला सुरू होऊन 3 ला थांबलेला एकच पाऊस तुमच्याकडं दोन तारखांत फाटतो आणि पेपरात अख्खा 13 ला पडतो. दोन्ही खरंच आहे.

आता ग्राफ. वीवेक्समधे पानावर आकडा आणणाऱ्या 'इयर' टॅगला कंसात 'इयर्स अगो' 1 दिलं की गेल्या वर्षीचा आकडा येतो, पण तो अख्ख्या वर्षाचा असतो, आणि यंदाचा आजपर्यंतचा, मग जुलैत माणूस बघतो आणि म्हणतो यंदा दुष्काळ! मी स्वतः पहिल्या वर्षी असंच घरात सगळ्यांना घाबरवलं होतं, बायको अजून ऐकवते. तयार ग्राफमधे आडव्या रेघेवर तारखा असतात त्यामुळं दोन वर्षं एकामागं एक येतात, एकावर एक बसत नाहीत.

म्हणून मी स्किनच्या, म्हणजे पानाच्या साच्याच्या, मागं न लागता सरळ डेटाबेसमधनं आकडे काढतो. आधी वीवेक्स बंद करून त्या डेटाबेसच्या एसक्यूलाइट फाइलची कॉपी घ्या आणि खेळ सगळा कॉपीवर करा. त्यात साधारण दर पाच मिनिटाला एक नोंद असते, टाइम सेकंदात असतो. त्या टाइममधे 55799 सेकंद मिळवून मग तारीख काढा आणि तारखेप्रमाणं पावसाची बेरीज करा, झाला साडेआठचा दिवस. सकाळी साडेआठपासून रात्री 12 पर्यंतच्या साडेपंधरा तासांचे 55800 होतात, एक सेकंद कमी का तर नोंदीवरचा टाइम पाच मिनिटं संपल्यावरचा असतो, 8:30 ला संपलेली नोंद त्याच दिवसात राहायला पाहिजे. तारीख लोकल टाइमनं काढा, नाहीतर साडेपाच तासांचा घोळ होईल. आणि बेरीज 1.65 अशी काहीतरी किरकोळ आली तर दचकू नका, सेटिंग बदललं नसेल तर वीवेक्स आत इंचात साठवतं, पानावर मिमी दिसत असले तरी. 25.4 नं गुणा, 42 येतील.

मग प्रत्येक तारखेला 1 जूनपासून कितवा दिवस तो नंबर द्या, पाऊस चढत्या बेरजेनं मांडा, स्प्रेडशीटमधे प्रत्येक वर्षाची एक रेघ. जूनपासून मोजल्यामुळं पावसाळ्यात 29 फेब्रुवारीची भानगडच येत नाही. जाता जाता वीवेक्स डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमधे 'रेन इयर स्टार्ट' 1 असतं ते 6 करून टाका, आपलं पावसाचं वर्ष जानेवारीत कुठं सुरू होतं?

बागेसाठी म्हणाल तर मला एकूण पावसापेक्षा ऑक्टोबर छाटणीनंतर किती दिवस 2.5 मिमी किंवा जास्त पडला ही मोजणी जास्त कामाची वाटते. डाऊनीला, म्हणजे केवडा रोगाला, बेरजेशी देणंघेणं नसतं, पानं ओली किती वेळ राहिली ते बघतो तो.

प्रश्न : साताऱ्यात राहतो, रिटायर्ड आहे. सेन्सर परसातून स्लॅबवर हलवल्यापासून यंदाचा उन्हाळा गेल्या वर्षीपेक्षा दोन डिग्री जास्त दिसतोय. सॉफ्टवेअरमधे दोन वजा करू का?

उत्तर : नको काका. वजाबाकीची सोय आहे त्यात, 'कॅलिब्रेट' विभागात एका ओळीचं काम आहे, पण स्लॅब दुपारी तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो, प्रत्येक तासाचा फरक वेगळा, त्यातून सरसकट दोन काढून चालत नाही. सेन्सर परत परसात मातीच्या जमिनीवर दीडेक मीटर उंच, पांढऱ्या झडपांच्या डब्यात लावा. हलवल्याची तारीख वहीत लिहून ठेवा आणि मधले महिने तुलनेतून वगळा.

प्रश्न : मी सांगलीत, भाऊ साताऱ्यात. त्याचा हवेचा दाब माझ्यापेक्षा कायम कमी का?

उत्तर : सातारा उंचावर आहे म्हणून. आपल्या उंचीला साधारण 9 मीटर चढलं की 1 मिलिबार कमी होतो. दोघांनी सेटिंगमधे घराची उंची बरोबर भरा आणि समुद्रसपाटीला आणलेला दाब बघा, 'बॅरोमीटर' नावाचा.