प्रश्न तुमचे, उत्तरं बागेची : लिपस्टिक, गोल्डफिश आणि एपिशिया

प्रश्न : लिपस्टिक प्लांट आणला तेव्हा कळ्यांनी भरलेला होता. आता दोन वर्षं झाली. वेली दीड-दोन फूट लोंबतात, अर्ध्याअधिक उघड्या आहेत आणि फूल एकही नाही. रोज पाणी घालते, खतही देते. (वाचक, ठाणे)

उत्तर : आधी रोजचं पाणी थांबवा. हे झाड, म्हणजे एस्किनॅन्थस रॅडिकन्स, मूळचं मलाया-जावाकडच्या ओल्या जंगलांतलं. तिथे ते मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतं. बांडगुळासारखा त्यांचा रस मात्र शोषत नाही. सालीच्या खाचांत साठलेल्या पालापाचोळ्यात त्याची मुळं असतात. पाऊस पडतो, पाणी निथळून जातं, मुळांना हवा मिळते. लाल माती नि शेणखताच्या कुंडीत नेमकी हवाच मिळत नाही.

म्हणून दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे), एक भाग सालीचे बारीक तुकडे आणि मूठभर गांडूळखत असं मिश्रण करा. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यायलाच हवं; त्यातल्या क्षारांनी मुळांची टोकं जळतात. कुंडी उथळ, आत्ताच्या कुंडीपेक्षा फार तर इंचभर मोठी. मोठ्या कुंडीतलं मिश्रण दिवसेंदिवस ओलं राहतं आणि मुळं कुजतात. वरचा इंचभर थर बोटाला कोरडा लागला की भोकांतून वाहीपर्यंत पाणी घाला आणि बशीत साचलेलं ओतून द्या.

आता फुलांचं. याच्या कळ्या वेलीच्या शेंड्याशी, नव्या वाढीवर येतात. जुन्या उघड्या वेली तशाच ठेवल्या तर फुलायला नवे शेंडेच मिळत नाहीत. झाड अशक्त वाटत असेल तर पहिल्या खेपेला निम्म्याच वेली कापा, उरलेल्या दीड महिन्याने. प्रत्येक वेल पाच-सहा इंचांवर, पेराच्या किंचित वर कापा आणि खाली पानांच्या दोन जोड्या तरी राहू द्या. पानं समोरासमोर असल्यामुळे कापलेल्या जागेखालून बहुधा दोन फुटवे निघतात, म्हणजे एका शेंड्याचे दोन. फेब्रुवारी-मार्च याला उत्तम. पुढे दरवर्षी बहर ओसरला की लगेच छाटा.

कापलेले चार इंची शेंडे टाकू नका. खालची दोन पेरं पानं काढून उघडी करा आणि पाच-सहा काड्या एकाच कुंडीत ओलसर कोकोपीट-परलाइटमध्ये खोचा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. एकेक काडी लावून कुंडी कधीच भरगच्च दिसत नाही.

जागा पूर्वेच्या खिडकीशी, सकाळचं तासभर कोवळं ऊन मिळेल अशी. दुपारच्या उन्हात पानं पिवळट-लालसर पडतात. अंधाऱ्या कोपऱ्यात दोन पेरांमधलं अंतर वाढतं आणि कळ्या धरत नाहीत. वाढीच्या दिवसांत पंधरा दिवसांनी १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम पुरे. कळ्या दिसल्यावर कुंडीची जागा बदलू नका, त्या गळतात.

प्रश्न : गोल्डफिश प्लांटची पानं मे महिन्यात भराभर गळाली. पाणी कमी पडलं का? (वाचक, नागपूर)

उत्तर : पाणी कमी पडलं तरी पानं गळतात आणि जास्त झालं तरी गळतात, त्यामुळे पानांवरून निदान करू नका. मातीसकट मुळांचा गड्डा कुंडीतून अलगद बाहेर काढून मुळं बघा. पांढरट, घट्ट मुळं म्हणजे कोरड किंवा उष्णता. तपकिरी आणि बोटांत चुरगळणारी म्हणजे सड. सड असेल तर जुन्या झाडाचा नाद सोडा आणि निरोगी शेंडे लावून घ्या.

या नावाने दोन झाडं विकली जातात. जाड, चकचकीत पान आणि पिशवीसारखं फुगीर छोटं फूल असेल तर ते ब्राझीलचं निमॅटॅन्थस. लांबट, माशासारखं तोंड उघडलेलं फूल आणि बरेचदा लवदार पान, ते कोलुम्निया. दोघांनाही विदर्भाचा उन्हाळा मानवत नाही, कोलुम्नियाला तर अजिबातच नाही. एप्रिल ते जून घरातल्या सर्वांत गार, उजेडाच्या खोलीत ठेवा, पण कूलर-एसीचा झोत अंगावर नको. पानांमागे बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी ही कीड आहे. कोरड्या हवेत तो फोफावतो. पानं खालून पाण्याने धुवा, आठवड्याने पुन्हा. हिवाळ्यातल्या गार रात्री मात्र कोलुम्नियाच्या कळ्यांना पोषक असतात. तेव्हा खत बंद, पाणी बेताचं.

प्रश्न : एपिशियाच्या पानांवर फिकट डाग पडतात. फुटवे खूप, फुलं नाहीत. (वाचक, पुणे)

उत्तर : डाग गार पाण्याचे दिसतात. पानं लवदार असल्याने थेंब अडकून राहतात. पाणी खोलीच्या तापमानाचं आणि कुंडीच्या कडेने घाला. टोकाला रोपटं धरून बाहेर पसरणाऱ्या या फुटव्यांपैकी तीन-चार ठेवून बाकीचे कापा, झाडाची ताकद कळ्यांकडे वळेल. कापलेल्या फुटव्याच्या टोकाचं रोपटं ओल्या मिश्रणावर टेकवलं की रुजतं. पुण्यातली डिसेंबर-जानेवारीची रात्र याला सोसत नाही. पारा १५ अंशांखाली जायला लागला की गॅलरीतून घरात घ्या, नाहीतर पानं काळवंडून लोळतात. पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाच्या बोळ्याने पुसा. कडुनिंबाचं तेल फवारण्याआधी एका पानावर लावून दोन दिवस थांबा, लवदार पानांना ते भाजतं.

प्रश्न : घरात मांजर आहे. ही झाडं विषारी आहेत का? (वाचक, गोवा)

उत्तर : लिपस्टिक, गोल्डफिश आणि एपिशिया मांजरांसाठी बिनविषारी मानली जातात. नुकतं औषध फवारलेलं पान मात्र तिच्या तोंडी लागू देऊ नका.