लीपवरून टम्बलवीडवर जाताना : वाचकांच्या शंका

या पानावर आज्ञा उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या लहान रोमन अक्षरांत टाइप कराव्यात.

प्रश्न : लॅपटॉपवर ओपनसुसे लीप 15.6 ही लिनक्स प्रणाली आहे. नव्याने इन्स्टॉल न करता टम्बलवीडवर, म्हणजे तिच्या रोलिंग (सतत अपडेट होत राहणाऱ्या) आवृत्तीवर जाता येईल का? घरी ब्रॉडबँड नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरच काम चालते. (विक्रोळी)

उत्तर : जाता येते. पण आधी परतीची सोय करा. टम्बलवीडवर गेल्यावर पुन्हा लीपच्या रिपॉझिटरी (पॅकेजेस जिथून उतरतात ते ऑनलाइन साठे) लावून मागे येता येत नाही. मागे यायचे तर जुना स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची त्या वेळची जपलेली स्थिती हवी, नाहीतर नवे इन्स्टॉलेशन.

रूट पार्टिशनची (सिस्टिमच्या मुख्य भागाची) फाइलसिस्टिम बीटीआरएफएस असेल तर जागा 'बीटीआरएफएस फाइलसिस्टिम युसेज' ने बघा. 'डीएफ' चा आकडा स्नॅपशॉट असताना फसवतो. स्नॅपशॉट ठेवायचे तर रूटला एकूण 40 जीबी असावेत आणि या कामाआधी त्यातले 12-15 जीबी तरी मोकळे असावेत. मग लीप पूर्ण अपडेट करून रीबूट करा आणि 'स्नॅपर क्रिएट' ने स्वतः एक स्नॅपशॉट घ्या. त्याला क्लीनअपचा पर्याय लावू नका, म्हणजे तो आपोआप पुसला जाणार नाही. महिनाभराने सगळे सुरळीत असेल तेव्हा तो हाताने काढा, कारण तोवर तो जागा अडवून बसतो. होम (तुमच्या फाइल्स) आणि व्हार (डेटाबेस वगैरेंचा डेटा) हे भाग स्नॅपशॉटमध्ये येत नाहीत. होमची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी वापरत असाल तर डेटाबेसचा डंपही घ्या.

आता इटीसीमधल्या झिप (झेड-वाय-पी-पी) फोल्डरात 'रिपॉज डॉट डी' आहे. तिथल्या सगळ्या रेपो फाइल्स वेगळ्या फोल्डरात हलवा. पॅकमन, एनव्हिडिया वगैरे बाहेरच्या रिपॉझिटरीही त्यांतच गेल्या पाहिजेत. लीपची एखादी रिपॉझिटरी मागे राहिली की दोन्हीकडच्या लायब्ररींची सरमिसळ होते आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच सापडते. मग टम्बलवीडच्या ओएसएस, नॉन-ओएसएस आणि अपडेट या तीन रिपॉझिटरी 'झिपर एआर' ने जोडा (झिपर हे सुसेचे पॅकेज सांभाळणारे साधन, त्याचे स्पेलिंगही झेड-वाय-पी-पी ने सुरू होते), 'झिपर सीसी' ला 'ए' हा पर्याय देऊन कॅश साफ करा आणि 'झिपर रेफ' चालवा.

यानंतर 'झिपर डप' ला, म्हणजे सगळी सिस्टिम नव्या आवृत्तीवर नेणाऱ्या आज्ञेला, दोन पर्याय द्या : 'डाउनलोड-ओन्ली' आणि 'अलाउ-व्हेंडर-चेंज'. लीप 15.3 पासून बरीच पॅकेजेस सुसे कंपनीच्या नावाने येतात. दुसरा पर्याय दिला नाही तर ती जुन्याच जागी अडकून राहू शकतात.

साध्या डेस्कटॉपला 2 ते 3 जीबी उतरवावे लागतात. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये ते एका दिवसात बसत नाही. उतरलेली पॅकेजेस कॅशमध्ये राहतात, त्यामुळे दोन दिवसांत काम करता येते. मात्र टम्बलवीडची नवी आवृत्ती (तिलाही 'स्नॅपशॉट' च म्हणतात) आठवड्यातून अनेकदा येते. मधेच 'फाइल सापडली नाही' असे आले तर पुन्हा 'रेफ' करा. बदललेली पॅकेजेस तेवढी परत उतरतील. एखाद्या संध्याकाळी ब्रॉडबँड असलेल्या नातेवाइकाकडे लॅपटॉप नेणे जास्त सोपे.

प्रत्यक्ष इन्स्टॉल करताना चार्जर लावलेला असू द्या आणि डेस्कटॉपमधून काम करू नका. कंट्रोल-ऑल्ट-एफ2 दाबून टेक्स्ट कन्सोलमध्ये लॉगइन करा, 'टीमक्स' (टर्मिनल तुटले तरी आतले काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) सुरू करा आणि त्यात 'डाउनलोड-ओन्ली' वगळून तीच आज्ञा द्या. चालू डेस्कटॉपच्याच लायब्ररी बदलल्या जात असतात. तो कोसळला तर त्यातले टर्मिनल बंद होते आणि झिपरही अर्ध्यावर तुटतो.

'होय' म्हणण्याआधी काढून टाकल्या जाणाऱ्या पॅकेजेसची यादी सावकाश वाचा. तिच्यात ग्रब (संगणक सुरू करणारा बूटलोडर), तुमचा डेस्कटॉप किंवा नेटवर्क मॅनेजर दिसला तर थांबा आणि कारण शोधा. झिपरने संघर्षावर पर्याय विचारले तर जुने पॅकेज धरून ठेवण्याचा पर्याय सहसा चुकीचा ठरतो. बाहेरून आणलेले पॅकेज काढले जाऊ द्या.

रीबूटनंतर 'आरपीएमकॉन्फिगचेक' चालवा. नव्या-जुन्या कॉन्फिग फाइल्सची तफावत तो दाखवतो. 'झिपर पॅकेजेस' ला 'ऑर्फन्ड' पर्याय दिला की कोणत्याच रिपॉझिटरीत नसलेली पॅकेजेस कळतात. पायथॉनची जुनी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पापुरती वेगळी ठेवलेली पॅकेजेस) चालणार नाहीत, कारण लीप 15.6 चा मूळ पायथॉन 3.6 आहे. आधीच 'पिप फ्रीझ' ने यादी काढून ठेवा आणि ती नव्याने बांधा. कोडेकसाठी (ऑडिओ-व्हिडिओ चालवायला लागणाऱ्या पॅकेजेससाठी) पॅकमनची टम्बलवीड रिपॉझिटरी आता जोडा, आधी नाही.

यापुढे अपडेट नेहमी 'डप' नेच करायचे. लीपची 'झिपर अप' ची सवय इथे नडते : नाव बदललेली, तुटून दोन झालेली किंवा रद्द झालेली पॅकेजेस 'अप' नीट हाताळत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा पुरे, पण सहामाही परीक्षेच्या किंवा काम द्यायच्या आदल्या रात्री करू नका. काही बिघडलेच तर ग्रबच्या मेनूतून रीड-ओन्ली स्नॅपशॉटने बूट करा, सगळे चालते का बघा, मग 'स्नॅपर रोलबॅक' आणि रीबूट. होम मागे जात नसल्याने जुना फायरफॉक्स नवे प्रोफाइल उघडायला नकार देतो. होमची प्रत घ्यायला सांगितले ते यासाठीही.

प्रश्न : दुकानातल्या बिलिंगच्या मशीनला जीटी 710 कार्ड आणि एचपी लेझरजेट 1020 आहे. हेही रोलिंगवर न्यावे का? (गिरगाव)

उत्तर : आमचे स्पष्ट मत : नेऊ नका. जीटी 710 ला एनव्हिडियाचा 470 मालिकेचा ड्रायव्हर लागतो आणि त्या मालिकेचा आधार 2024 मध्ये संपला. टम्बलवीडमध्ये नवा कर्नल दर दोन-अडीच महिन्यांनी येतो. एखाद्या कर्नलवर जुना ड्रायव्हर बांधलाच जात नाही आणि स्क्रीन काळी राहते. नेणे भागच असेल तर नुव्हो हा मुक्त ड्रायव्हर वापरा किंवा 'कर्नल-लाँगटर्म' हे जास्त काळ न बदलणाऱ्या कर्नलचे पॅकेज घाला. 1020 ची अडचण वेगळी आहे. या प्रिंटरला चालू केल्यावर फर्मवेअर संगणकाकडून मिळते आणि ते एचपीलिपच्या (एचपीच्या लिनक्स प्रिंटर सॉफ्टवेअरच्या) प्लगइनमध्ये असते. प्लगइन आणि एचपीलिप यांची आवृत्ती एकच लागते. अपडेटमध्ये एचपीलिप बदलला की प्रिंटर गप्प होतो, आणि 'एचपी-प्लगइन' पुन्हा चालवला की बोलतो. गिऱ्हाईक समोर उभे असताना हे करण्यात अर्थ नाही.

एक अपवाद आहे. मशीन कोअर टू ड्युओच्या काळातले असेल तर लीपची पुढची आवृत्ती, लीप 16, त्यावर चालणार नाही. त्याला एक्स86-64-व्ही2 दर्जाचा प्रोसेसर लागतो. टम्बलवीड मात्र चालते.

प्रश्न : डेबियन 12 या लिनक्समध्ये सोर्सेस फाइलमधले (रिपॉझिटरींच्या यादीतले) आवृत्तीचे नाव बदलून 'टेस्टिंग' लिहिले की झाले का? (बोरिवली)

उत्तर : थेट उडी नको. आधी डेबियन 13, म्हणजे 9 ऑगस्ट 2025 ला आलेल्या ट्रिक्सीवर या, मग पुढे जा. बॅकपोर्ट्सची (जुन्या आवृत्तीसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजेसची) ओळ काढा. 'फोर्की' (ट्रिक्सीनंतरच्या आवृत्तीचे नाव) लिहिलेत तर फोर्की स्थिर झाल्यावर तुम्हीही तिथेच थांबाल. पुढे जात राहायचे तर 'टेस्टिंग' हेच नाव हवे. टेस्टिंग खरे तर पूर्ण रोलिंग नाही : नव्या आवृत्तीआधी काही महिने ते गोठवले जाते. शिवाय सुरक्षेच्या दुरुस्त्या बहुधा अनस्टेबल या टेस्टिंगच्या आधीच्या टप्प्यातून, काही दिवस थांबून येतात. डेबियनचा इन्स्टॉलर साधारणपणे एक्स्ट4 ही फाइलसिस्टिम वापरतो, म्हणून सुसेसारखे स्नॅपशॉट तयार मिळत नाहीत. आधी क्लोनझिलाने पूर्ण डिस्कची इमेज घ्या.

प्रश्न : टम्बलवीडवर गेल्यावर आयबसमधून (भाषा टाइप करण्याच्या साधनातून) मराठी टाइप होत नाही. (दादर)

उत्तर : लीप 15.6 मध्ये प्लाझ्मा 5 हा केडीई डेस्कटॉप होता, आता प्लाझ्मा 6 आणि वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था) आहे. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात व्हर्च्युअल कीबोर्ड उघडून 'आयबस वेलँड' निवडा आणि लॉगआउट करून परत या. फक्त इन्स्क्रिप्ट किंवा कगप पद्धतीने टाइप करत असाल तर आयबसची गरजच नाही. कीबोर्डच्या लेआउटमध्ये मराठी थेट जोडता येते आणि तो अपडेटने सहसा बिघडत नाही.