वेगवेगळ्या गटांमध्ये एकमेकांवरच्या विश्वासाचं जाळं कसं उभारायचं?

तुम्ही लिहिलंय की चार गट आहेत, प्रत्येकाच्या आत सगळं सुरळीत आहे, पण एकत्र काम काढलं की कोणीच दुसऱ्याच्या भरवशावर राहत नाही. म्हणून सगळ्यांचं एक मोठं संमेलन भरवायचा तुमचा विचार आहे. माझं ऐकाल तर संमेलन नको. निदान सुरुवातीला तरी नको.

मी हे करून बसलोय. तीन गटांनी शिड्या, ड्रिल मशीन, तंबू, स्पीकर असलं सामान मिळून वापरायचं, उगाच तीन-तीनदा विकत घ्यायला नको, असं ठरवलं होतं. मोठी बैठक झाली, ओळखीपाळखी झाल्या, फोटो निघाले. दोन महिन्यांत अर्धं सामान बेपत्ता, आणि जो तो दुसऱ्या गटाकडे बोट दाखवतोय.

नुसतं एकत्र बसून काही होत नाही, हे खरं तर खूप आधी दिसून आलं होतं. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात २२ मुलांचं शिबिर घेऊन त्यांचे दोन गट पाडले आणि त्यांच्यात चुरस लावून दिली. वैर पेटलं. मग दोन्ही गटांना एकत्र सिनेमा दाखवला, एका पंगतीला बसवलं, तर पोरांनी एकमेकांवर अन्न फेकलं. निवळलं कधी? पाण्याचा पुरवठा बंद पडला, ट्रक चालू होईना, आणि सगळ्यांनी मिळून खटपट केल्याशिवाय गत्यंतर उरलं नाही तेव्हा. (या अडचणी शेरीफ मंडळींनीच घडवून आणल्या होत्या. आज मुलांवर असला प्रयोग कोणी करू देणार नाही.)

म्हणजे आधी काम, तेही लहान आणि दोघांच्याही गरजेचं. चारही गटांना एकदम जोडू नका, दोघांपासून सुरू करा.

आता जाळ्याकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. आपण गृहीत धरतो की माझा तुमच्यावर विश्वास, तुमचा तिसऱ्यावर, म्हणजे माझाही तिसऱ्यावर झालाच. तसं नसतं. ‘हा माणूस सचोटीचा आहे’ ही एक गोष्ट, आणि ‘याने दुसऱ्याबद्दल दिलेली ग्वाही खरी निघते’ ही वेगळी. माझा एक सहकारी दिलेला शब्द कधी मोडत नाही, पण माणसं पारखण्यात इतका भोळा की त्याने आणलेल्या माणसाला मी साधा स्क्रू ड्रायव्हरही देणार नाही.

हा फरक मला सगळ्यात स्वच्छ सापडला तो संगणकाच्या जगात. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये ईमेल गुप्त ठेवण्यासाठी पीजीपी नावाचं सॉफ्टवेअर काढलं. त्यात प्रत्येकाची एक ‘किल्ली’ असते, म्हणजे त्याला पाठवायचा मजकूर कुलूपबंद करणारा एक सांकेतिक आकडा. अडचण अशी की अमुक किल्ली अमक्याचीच आहे हे कशावरून? उपाय काढला तो ओळखीच्यांच्या सह्यांचा. पण त्या सहीचा अर्थ फक्त ‘किल्ली याचीच, मी खात्री केली आहे’ एवढाच. सही करणाऱ्याच्या शब्दाला किती वजन द्यायचं, हे प्रत्येकाने आपल्यापुरतं वेगळं नोंदवायचं. त्याच धर्तीवरच्या जीएनयू प्रायव्हसी गार्डमध्ये, तुम्ही मुद्दाम काही बदललं नाही तर, पूर्ण भरवशाच्या माणसाची १ सही पुरते, अर्धवट भरवशाच्यांच्या ३ लागतात, आणि ओळखीतून ओळख अशी साखळी ५ कड्यांपलीकडे धरली जात नाही. माणसांच्या बाबतीत माझ्या मते ५ फारच झाल्या. २ पुष्कळ.

दुसऱ्या खेपेला आम्ही हेच केलं. सामान ‘गटाला’ द्यायचं बंद. द्यायचं ते माणसाला, आणि तो अनोळखी असेल तर आपल्यातल्या कोणीतरी त्याला जामीन राहायचं. पैशांचा जामीन नव्हे. वस्तू आली नाही तर पहिला फोन जामीनदाराला, एवढंच. लगेच फरक पडला: लोक शिफारस करायला बिचकू लागले. जाळं मुंगीच्या पावलांनी वाढलं. काहींना ते अपयश वाटलं, मला नाही.

एक चूक तरीही राहिली. दोन गटांना जोडणारा एकच माणूस होता. तो दुसरीकडे राहायला गेला आणि संबंध तुटला. दर दोन गटांमध्ये दोन-तीन तरी दुवे हवेत. एकटा दुवा असला की तो गेल्यावर सगळं जातं, आणि असेपर्यंत कधी कधी त्याच्या डोक्यात हवाही जाते.

शब्द मोडला तर ते कळायला हवं, हेही आलंच. अकराव्या शतकातल्या मगरिबी, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या, ज्यू व्यापाऱ्यांची पत्रं कैरोत सापडली आहेत. त्यावरून अवनर ग्रीफ या अर्थशास्त्रज्ञाने मांडलं की एकाला फसवणाऱ्या आडत्याला बाकीचेही काम देत नसत, त्यामुळे दूरदेशी माल पाठवणं शक्य झालं. कोर्टकचेऱ्याही होत्याच, असं म्हणणारे इतिहासकार आहेत. ते असो, पण बातमी आणि चहाडी यांत अंतर ठेवा. आमच्या वहीत फक्त कोणी काय नेलं, कधी आणलं, एवढंच लिहितात. का उशीर झाला, माणूस कसा आहे, यातलं काही नाही. वही कोणीही उघडून बघू शकतो.

शिक्षेचं म्हणाल, तर सामायिक पाणी, कुरणं, जंगलं सांभाळणाऱ्या लोकांचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम (२००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल) यांना टिकून राहिलेल्या व्यवस्थांमध्ये आढळलं की पहिल्या चुकीला दंड अगदी किरकोळ असतो, पुढे वाढत जातो. हे वाचलं होतं, पण उमगलं ते आमचं ड्रिल मशीन बिघडल्यावर. ज्याच्या हातून बिघडलं त्याने ते तीन आठवडे लपवून ठेवलं, कारण आमचा नियम होता की मोडेल त्याने पूर्ण भरपाई द्यावी. नियम बदलला: त्याच दिवशी सांगितलं तर दुरुस्ती सगळ्यांच्या वर्गणीतून, लपवलं तर पूर्ण खर्च तुमचा. त्यानंतर तंबूची एक काठी मोडली आणि एका स्पीकरची वायर जळली. दोन्ही वेळा संध्याकाळच्या आत फोन आला.