मशीनने पॉलिश केल्यावर काळ्या गाडीवर उन्हात होलोग्राम दिसतात, ते कसे घालवायचे?

होलोग्राम म्हणजे उन्हात चमकणाऱ्या रेघा. हे डाग नाहीत, क्लिअरकोटवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) पडलेले अतिबारीक ओरखडे आहेत. रोटरी मशीनवर (ज्याचा पॅड नुसता गोल फिरतो) लोकरी किंवा कडक पॅड लावून कंपाउंड (जाडसर पॉलिश) मारलं आणि पुढे बारीक पॉलिश न करता तिथेच थांबलं की हमखास उमटतात. वॅक्स लावून ते झाकले जातात, जात नाहीत. दोन-चार धुण्यांत परत वर येतात.

मऊ फोमचा फिनिशिंग पॅड आणि बारीक फिनिशिंग पॉलिश घ्या, शक्यतो ड्युअल ॲक्शन मशीनवर. त्याचा पॅड फिरता फिरता हलतोही, म्हणून एकाच दिशेच्या रेघा पडत नाहीत. आधी बॉनेटच्या हातभर भागावर करून बघा. मग पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ही पायरी अजिबात गाळू नका, कारण पॉलिशमधलं तेल रेघांत भरून राहतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. पुसल्यावर टॉर्च तिरपा धरून पाहा. स्वच्छ दिसलं तरच बाकीची गाडी करा.

रोटरीच वापरायचं असेल तर पॅड सपाट ठेवा, कडेवर उचलू नका, शेवटचे हात कमी वेगाने आणि हलक्या दाबाने मारा. पॅड मधूनमधून ब्रशने साफ करा. त्यावर वाळलेला पॉलिशचा चोथा नवे ओरखडे पाडतो.