सिंथेटिक बायोलॉजीत कॉम्प्युटर मॉडेलिंग कशासाठी करतात? साताऱ्यात राहून, गणित कच्चं असताना शिकता येईल का?

तुमच्या प्रश्नावरून कळतं ते असं: बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीचं शेवटचं वर्ष, गणित बारावीनंतर सुटलेलं, सर म्हणतात प्रोजेक्टला मॉडेलिंग घ्या, आणि तुमचं म्हणणं, खऱ्या पेशी हाताशी असताना स्क्रीनवरच्या पेशी कशाला? मी सांगलीचा. एका डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत यीस्टवर काम करता करता या विषयाकडे वळलो, म्हणून उत्तर देतोय.

सिंथेटिक बायोलॉजी म्हणजे पेशीत जनुकं हवी तशी जुळवून तिच्याकडून नवं काम करून घेणं, आणि मॉडेल म्हणजे ती पेशी कशी वागेल याचा समीकरणांतला हिशोब. मॉडेलमुळे प्रयोग टळत नाहीत. कुठला प्रयोग करायचा, ते ठरतं. याचं माझं आवडतं उदाहरण २००० सालचं आहे. मायकेल एलोविट्झ आणि स्टॅनिस्लास लायब्लर यांनी ई. कोलाय या जिवाणूत तीन जनुकांचं चक्र बसवलं. पहिल्याचं प्रथिन दुसऱ्या जनुकाला दाबतं, दुसऱ्याचं तिसऱ्याला, तिसऱ्याचं पुन्हा पहिल्याला. फळ्यावर चित्र काढलं की वाटतं, झालं, आता प्रथिनं आळीपाळीने वरखाली होत राहणार. तसं होईलच असं नाही. प्रत्येक जनुकामागे एक समीकरण एमआरएनएचं (जनुकाची नक्कल, जिच्यावरून प्रथिन बनतं), एक प्रथिनाचं, अशी सहा समीकरणं मांडली की दिसतं, बऱ्याचदा तिन्ही प्रथिनं एका पातळीला येऊन गप्प बसतात. हेलकावे हवे असतील तर प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) जोरकस हवा, दाबलेल्या जनुकातून गळती कमी हवी, आणि प्रथिन मोडण्याचा वेग एमआरएनए मोडण्याच्या वेगाच्या आसपास हवा.

खरी गोम या शेवटच्या अटीत आहे. ई. कोलायमधला एमआरएनए काही मिनिटांत संपतो, प्रथिनं मात्र बहुतेक टिकाऊ. म्हणून या दोघांनी दाबणाऱ्या प्रथिनांना एक छोटी शेपटी जोडली, ती दिसली की पेशीतले प्रोटिएझ (प्रथिनं कापणारी एन्झाइम) त्या प्रथिनाचा लवकर फडशा पाडतात. नुसत्या पेट्री डिशकडे बघून ही शेपटी सुचायला किती काळ लागला असता कोण जाणे. चक्राला एक हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेलं होतं, त्यामुळे पुढे पेशी खरंच हिरव्या चमकू-विझू लागल्या, एका फेरीला साधारण १५० मिनिटं, म्हणजे पेशी विभाजनापेक्षाही संथ. पण असं वागल्या सुमारे ४० टक्केच पेशी, आणि त्याही आपापल्या तालात. पेशीत एखाद्या रेणूच्या मोजक्याच प्रती असल्या की योगायोगही हिशोबात धरावा लागतो. त्याची पद्धत डॅनियल गिलेस्पी यांनी १९७० च्या दशकातच दिली होती.

दुसरं उदाहरण आपल्या भागातलं. मळीवरच्या यीस्टला भरपूर साखर मिळाली की ते हवा असतानाही अल्कोहोल करतं. बेकरीचं यीस्ट बनवणारे म्हणूनच साखर थोडी थोडी सोडतात. आता यीस्टच्या सगळ्या रासायनिक क्रियांची यादी घेऊन फ्लक्स बॅलन्स अ‍ॅनालिसिस करा, म्हणजे कुठल्या क्रियेतून किती माल वाहतो याचा हिशोब मांडा, 'वाढ जास्तीत जास्त कर' एवढीच अट घाला आणि ऑक्सिजन मोकळा सोडा. मॉडेल म्हणेल, सगळी साखर श्वसनात घाला, अल्कोहोल शून्य. डिस्टिलरीतला कुठलाही ऑपरेटर यावर हसेल. पण मॉडेल कुठे चुकतं, ते इथे नेमकं कळतं: एन्झाइम बनवायलाही प्रथिनांचा खर्च येतो, आणि तो या हिशोबात धरलेलाच नाही. २०१७ साली यीस्टच्या मॉडेलमध्ये एन्झाइमच्या मर्यादा घातल्यावर अल्कोहोल हजर झालं. मला अशी चुकणारी मॉडेलं जास्त कामाची वाटतात.

गणिताची एवढी धास्ती घेऊ नका. समीकरण सोडवायचं काम कॉम्प्युटर करतो. तुम्हाला फक्त 'बदलाचा वेग म्हणजे तयार होणं वजा मोडणं' हे मांडता आलं पाहिजे, आणि मायकेलिस-मेंटन हे एन्झाइमच्या वेगाचं समीकरण तुम्ही शिकलाच आहात. कोपासी हे सॉफ्टवेअर मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, कोडिंग लागत नाही. बायोमॉडेल्स या मोफत संग्रहात वरच्या तीन जनुकांच्या चक्राची फाइलही मिळेल. ती उघडा, प्रथिन मोडण्याचा वेग कमी कमी करत न्या आणि हेलकावे कुठे बंद पडतात ते बघा. एका दुपारचं काम आहे. (अख्ख्या पेशीचं मॉडेल २०१२ साली झालंय, ५२५ जनुकांच्या मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियमचं. यूट्यूबवर बघून भारावून जा, पण सुरुवात तिथून नको.)

प्रोजेक्टला नवं मॉडेल काढायच्या भानगडीत पडू नका. छापलेलं एखादं घ्या आणि त्यातली आकृती जशीच्या तशी निघते का बघा. हे वाटतं तितकं किरकोळ नाही. २०२१ च्या एका अभ्यासात ४५५ मॉडेलं तपासली, तर जवळपास निम्म्यांचे निकाल पेपरातल्या माहितीवरून पुन्हा काढताच आले नाहीत.

त्याला कॉलेजच्या लॅबमध्ये होईल असा एक प्रयोग जोडा. गुळाच्या पाण्यात यीस्ट वाढवा, पातळ आणि घट्ट अशा दोन प्रमाणांत, आणि ठरावीक वेळाने कलरिमीटरवर (नमुन्यातून किती प्रकाश पार जातो ते मोजणारं यंत्र) रीडिंग घ्या. नमुना फार गढूळ झाला तर पातळ करून मोजा, नाहीतर वाढ आहे त्याहून कमी दिसते. त्या आकड्यांवर मोनोचं समीकरण (साखरेच्या प्रमाणावरून वाढीचा वेग सांगणारं) बसवा. मग मधल्या प्रमाणाचा अंदाज वहीत लिहून, त्यावर सरांची तारखेसह सही घेऊन मगच तो प्रयोग लावा. अंदाज फसला तर समीकरणाला हात लावण्याआधी ब्लँक (यीस्ट न घातलेल्या गुळाच्या पाण्याचं रीडिंग) तपासा, कारण गुळाच्या पाण्याला स्वतःचा रंग असतो आणि तो प्रत्येक प्रमाणाला वेगळा.