सोसायटीतल्या झाडावर बगळ्यांनी घरटी केली आहेत, खाली फार घाण होते. आत्ता पावसाळ्यात फांद्या छाटून घेता येतील का?

नाही. जून ते सप्टेंबर तर मुळीच नाही.

गाड्या पांढऱ्या होतात, कुजलेल्या माशांचा वास येतो आणि कमिटी छाटणीवाल्याला बोलवायला निघाली आहे, असं तुम्ही लिहिलंय. ठाण्यात आमच्या सोसायटीत हेच सगळं झालं. त्यापुढे जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहिते आहे.

आमच्या गेटापाशी दोन जुने पर्जन्यवृक्ष आहेत. पाऊस लागला की गायबगळे, ढोकऱ्या आणि रातबगळे तिथे एकत्र घरटी करतात. पक्षीवाले याला सारंगागार म्हणतात. त्या वर्षी जुलै संपता संपता कमिटीने छाटणी ठरवली. परवानगी होती वायरला टेकणाऱ्या फांद्यांपुरती. माणसं आली ती बरेच जण कामावर गेल्यावर, आणि करवत लागली ती शेंड्याकडच्या, घरट्यांनी भरलेल्या फांद्यांना.

मी ओट्यापाशी होते. फांदी पडल्याचा आवाज आला आणि त्यामागोमाग पिल्लांची कटकट कटकट सुरू झाली. खाली जाऊन बघते तर पार्किंगभर पिल्लं. डोक्यावर केसांसारखी उभी राहिलेली लव, हिरवट पाय, धड फुटली नाहीत अशी पिसं. बगळ्याचं पिल्लू घाबरलं की पोटातलं सगळं ओकतं, त्यामुळे फरशीवर अर्धवट पचलेले मासे आणि बेडकं पडली होती. त्यातच फिकट निळी अंडी फुटलेली. एक पिल्लू तुटलेल्या फांदीवरच्या काटक्यांना पायाने घट्ट धरून बसलं होतं, सोडायला तयार नव्हतं.

"मावशी, बाजूला व्हा, आम्हाला ऑर्डर आहे," करवतवाला म्हणाला. मी म्हटलं, कागद दाखव. कागदावर वायरच्या फांद्या लिहिल्या होत्या, त्या तर अजून तशाच होत्या. तोवर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या, वॉचमनची बायको आली, शाळेतून परतलेली मुलं आली. आम्ही सगळ्या बुंध्याला टेकून उभ्या राहिलो आणि काम थांबलं ते थांबलंच. दुसऱ्या झाडाला हात लागला नाही, याचा मला आजही अभिमान आहे. जिवंत पिल्लं खोक्यांत घातली, वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन केला. रात्रीतून बरीच दगावली. उरलेली सकाळी उपचारांसाठी नेली.

संध्याकाळी सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, एवढी मोठी खाडी पडली आहे, जाऊ देत की तिकडे. माणसांनी राहायचं कुठे?" हे वाक्य मी त्यानंतर प्रत्येक सभेत ऐकलंय. तुमच्याही कमिटीत कोणीतरी म्हणेलच, म्हणून त्याचं उत्तर इथे देऊन ठेवते.

खाडी आहे, आणि तिचं कौतुकही आहे. २०१५ मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये तिला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. आमचे सेक्रेटरी दर हिवाळ्यात पाहुण्यांना ऐरोलीला बोटीतून फ्लेमिंगो दाखवायला नेतात. पण फ्लेमिंगो इथे खायला येतात, अंडी घालायला कच्छच्या रणात जातात. आपल्या दारात संसार थाटणारा पक्षी बगळा आहे. त्याला अन्नासाठी तलाव, नाला, खाडी जवळ लागते आणि घरट्यांसाठी दाट, मजबूत झाडं. बंगले पाडून टॉवर झाले, रस्ते रुंद झाले, तशी ती झाडं शहरात उरली कुठे? उरली ती जुन्या सोसायट्यांच्या आवारात. लांबून आलेला गुलाबी पक्षी बघायला तिकीट काढायचं आणि दारातल्या पक्ष्याची पोरं करवतीने पाडायची, याला मी निसर्गप्रेम म्हणत नाही.

आणि हा नुसता भावनेचा प्रश्न नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरटी विस्कटणं येतं. फांदी छाटायला महापालिकेची परवानगी लागते, पण ती हातात आहे म्हणून घरटं पाडायची मुभा मिळत नाही. फटाके लावून पक्षी उठवणंही त्यातच आलं. कमिटीला हे लेखी द्या. तोंडी सांगितलं तर ऐकत नाहीत.

वासाने आणि घाणीने माणसं हैराण होतात हे मला मान्य आहे. आसाममध्ये हरगिला करकोच्याची झाडं लोक याच कारणासाठी तोडत होते. पूर्णिमा देवी बर्मन यांनी तिथल्या गावोगावच्या बायकांना एकत्र केलं, हरगिलाची चक्क डोहाळजेवणं घातली, पडणाऱ्या पिल्लांसाठी झाडांखाली जाळ्या बांधल्या. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांना 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कार दिला. आम्हीही आता जूनच्या सुरुवातीला खालच्या फांद्यांखाली हिरवी शेडनेट ताणून बांधतो. ती झाडावर मात्र टाकायची नाही, पक्षी अडकून मरतात. त्या दोन झाडांखालचं पार्किंग चार महिने बंद असतं. यावरून भांडणं झाली, पण निभतं. फरशी झाडण्याआधी पाणी मारा आणि नाकाला रुमाल बांधा, कोरडी विष्ठा उडवू नका.

तुमचा छाटणीचा प्रश्न उरला. अंडी उबायला साधारण साडेतीन आठवडे, पिल्लं उडायला आणखी महिना-सव्वा महिना, आणि सगळी जोडपी एकाच वेळी बसत नाहीत. त्यामुळे ऑक्टोबर उलटल्यावर, घरटी रिकामी आहेत हे स्वतः बघून, परवानगी काढून हलकी छाटणी करा. पावसात झाड पडेल ही भीती असेल तर आधी बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक काढून निदान मीटरभर माती मोकळी करा. मुळं कोंडली की झाड कमजोर होतं, घरट्यांच्या वजनाने पडत नाही.

एक गोष्ट मात्र मानते. वादळात फांदी मोडून माणसांच्या डोक्यावर लोंबकळत असेल तर ती काढावीच लागते. त्यासाठी वनखात्याला कळवा, त्यांच्या माणसासमोर तेवढीच फांदी दोराने सावकाश उतरवा, आणि कागदावर कोणती फांदी लिहिली आहे ते करवत चालू होण्याआधी खाली उभं राहून स्वतः वाचा.